वाचकांचे प्रश्न : कोणापुढे कोणता सूर लावावा?

प्रश्न : मी पाणीपुरवठा योजनेवर काम करणारा अभियंता आहे. एकाच कामाविषयी मला कधी वरिष्ठांपुढे, कधी हाताखालच्या तंत्रज्ञांपुढे, तर कधी नागरिकांच्या सभेत बोलावे लागते. वरिष्ठांच्या मते मी फार पाल्हाळ लावतो. नागरिक म्हणतात की मी शिकवणी घेतल्यासारखा बोलतो. सूर ठरवायचा कसा? आणि माणसागणिक सूर बदलणे हा दुटप्पीपणा नव्हे काय?

उत्तर : आपली शेवटची शंका आधी घेतो, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचा सल्ला रुचणार नाही. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांनी नभोवाणीच्या वृत्तनिवेदकांचे उच्चार तपासले आणि १९८४ मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिले. हे निवेदक दोन वेगवेगळ्या केंद्रांवरून बातम्या वाचत. माणूस तोच, बातम्यांचे विषयही साधारण तेच. परंतु राष्ट्रीय केंद्रावरून वाचताना त्यांचे उच्चार अधिक काटेकोर असत आणि स्थानिक श्रोत्यांच्या केंद्रावर ते सैल होत. बदललेला होता तो मुख्यतः ऐकणारा. सूर बदलणे इतके अंगवळणी पडलेले असते की बहुतेकांना ते स्वतःचे स्वतःला जाणवतही नाही. दुटप्पीपणा सुरू होतो तो मजकूर बदलल्यावर. वरिष्ठांना ‘काम दोन महिने लांबेल’ असे सांगून त्याच आठवड्यात नागरिकांना ‘काम वेळेवर चालू आहे’ असे सांगितले, तर आवाज कितीही सारखा ठेवला तरी तो दुटप्पीपणाच होय.

आता सूर कसा ठरवावा याविषयी. समोरच्याचे वय किंवा पद हा आरंभबिंदू मानू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी या माणसाला विषयाची किती माहिती आहे आणि माझे बोलणे ऐकून झाल्यावर तो काय करणार आहे, हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपले वरिष्ठ निर्णय घेणार आहेत. त्यांना निष्कर्ष आधी हवा, कारणे नंतर आणि तपशील विचारल्यावर. त्यांना जो पाल्हाळ वाटतो, तो बहुधा निष्कर्ष शेवटी राखून ठेवल्यामुळे वाटत असावा. तंत्रज्ञ प्रत्यक्ष हात घालणार आहेत; त्यांच्याशी बोलताना नेमकेपणा हाच आदर असतो, आणि कोणती झडप, कोणत्या क्रमाने, किती दाबावर, हे सांगताना गोडवा घालण्याच्या भानगडीत पडू नये. नागरिकांना मात्र त्या निर्णयाचे परिणाम सोसायचे आहेत. नळाला पाणी कधी येणार नाही आणि ते पुन्हा केव्हा येईल, हे पहिल्या दोन वाक्यांत कळले की वाहिनीचा व्यास ऐकण्याइतका धीर त्यांच्यात येतो.

शिकवणी घेतल्याचा जो आरोप आपल्यावर होतो, त्याचे मूळ अवघड शब्दांत क्वचितच असते. ते ‘समजलं ना?’, ‘अगदी सोपं आहे’ अशा पुरवण्यांत असते. ‘सोपं आहे’ म्हटल्यावर ज्याला कळले नाही तो प्रश्न विचारायला धजावत नाही. ‘समजलं ना?’ ऐवजी ‘मी नीट सांगितलं का?’ असे विचारले, तर न कळण्याचा भार बोलणाऱ्याकडे येतो आणि प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात.

सर्वनामांकडेही लक्ष द्यावे. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो आणि ‘आपण’ त्याला सामावून घेतो. ही सोय पुष्कळ भाषांत नाही. ‘आम्ही वाहिनी बदलणार आहोत, तुम्ही सहकार्य करा’ हे वाक्य सभागृहाचे दोन तट पाडते, तर ‘आपल्या भागातली वाहिनी बदलायची आहे’ हे पाडत नाही. परंतु येथे एक मोह असतो. उशीर आपल्या विभागाकडून झाला असताना ‘आपल्याकडून उशीर झाला’ असे म्हणणे म्हणजे श्रोत्यांनाही चुकीचे वाटेकरी करणे होय. तेथे ‘आमच्याकडून’ हाच शब्द हवा. ‘विलंब झालेला आहे’ ही कर्ता गाळलेली रचना तर टाळावीच. अहवालात ती खपते, सभेत मात्र लोक तो गाळलेला कर्ता लगेच हेरतात.

क्रियापदाचे रूपही सूर ठरवते. ‘झडप बंद करावी’ हे परिपत्रकात शोभते, पण शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला तोंडी तसे सांगितले तर तो चपापेल. ‘बंद करा’ पुरेसे असते. ‘बंद कराल का?’ ही विनंती आहे, म्हणून नकार चालणार नसेल तेथे ती वापरू नये.

प्रश्न : एका प्रशिक्षणात ऐकले की बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे खरे आहे काय?

उत्तर : सरसकट नाही. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले. ते प्रयोग आवड-नावड यांसारख्या भावना ओळखण्यापुरते होते, आणि शब्द, सूर व चेहरा यांचा मेळ नसेल तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, हे त्यांत पाहिले होते. सर्व प्रकारच्या संभाषणाला ते लावू नयेत, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. शब्दांचा वाटा खरोखरच एवढा किरकोळ असता, तर दूरध्वनीवरून कोणालाही पत्ता सांगता आला नसता.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ८२ आहे. त्यांना थोडे कमी ऐकू येते, एरवी बुद्धी तल्लख आहे. येणारे-जाणारे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे मोठ्याने आणि लाडिकपणे बोलतात. ते चिडतात. त्यांची समजूत कशी घालावी?

उत्तर : समजूत त्यांची नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची घालावी लागेल. उंच पट्टीतला, हेलकावे घेणारा आवाज तान्ह्या बाळांना आवडतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. वार्धक्यात मात्र ऐकू येणे कमी होते ते बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून. ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने आधी निसटतात. त्यामुळे पट्टी चढवून ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात आणि शब्द अस्पष्टच राहतात. मानसशास्त्रज्ञ सुझन केम्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की गुंतागुंतीची उपवाक्ये कमी केल्याने आणि आशय थोडा उलगडून सांगितल्याने वृद्धांचे आकलन सुधारते. पट्टी चढवल्याने किंवा वाक्ये तोडून आखूड केल्याने नाही. म्हणजे लोक हौसेने जे करतात, नेमके तेच निरुपयोगी ठरते.

समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, नेहमीच्या पट्टीत बोलावे. एखादे वाक्य पोहोचले नाही तर तेच पुन्हा मोठ्याने न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. ‘आता आपण गोळी घेऊ या हं’ यातला ‘आपण’ खोटा आहे, कारण गोळी एकट्यालाच घ्यायची आहे; तल्लख माणसाला तो बोचणारच. आणि ‘यांना झोप नीट लागते का?’ असे कोणी त्यांच्यादेखत आपल्याला विचारले, तर आपण उत्तर देऊ नये. सासऱ्यांकडे वळून तोच प्रश्न साध्या आवाजात त्यांना विचारावा.