गणित सोडू देऊ नका, भाऊ

"मुलगी दहावी झाली. मोबाइलवर प्रिंटरने छापलेलं हृदय बघितलं, तेव्हापासून 'मला हेच करायचं' म्हणते. त्यासाठी अकरावीला गणित सोडून बायोलॉजी घेणार आहे. असं काम खरंच असतं का, की नुसतं रील आहे? माझं ठिबकचं दुकान आहे, मला यातलं काही कळत नाही."
– एक पालक, यावल (जि. जळगाव)

नमस्कार भाऊ,

तुमचं शेवटचं वाक्य आधी खोडा. या क्षेत्राची, म्हणजे प्रयोगशाळेत अवयव बनवण्याच्या कामाची, आजची अडचण ठिबकवाल्याला डॉक्टरच्या आधी कळेल.

नेदरलँड्समध्ये 2009 साली हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून (जिच्यापासून इतर पेशी तयार होतात तिच्यापासून) बशीत चिमुकलं आतडं वाढवलं. अशा गोळ्याला ऑर्गनॉइड म्हणतात. पुढे यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचेही गोळे झाले, पण आकार मात्र वाटाण्याच्या आसपास अडला. कारण पाणी, म्हणजे इथे रक्ताचा पुरवठा. पेशी रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब गेली की तिला प्राणवायू पुरत नाही. बाहेरच्या पेशी पिऊन घेतात, गाभा मरतो. वाफ्याच्या कडेची केळी तरारलेली आणि मधली सुकलेली, तसंच.

म्हणून आता नळ्या टाकण्याचं काम चालू आहे. हार्वर्डमध्ये जेनिफर लुइस यांच्या गटाने 2019 मध्ये लाखो ऑर्गनॉइड दाबून थंडगार लगदा केला आणि त्यात प्रिंटरच्या सुईने जिलेटिनच्या रेघा ओढल्या. लगदा 37 अंशांवर आणला, जिलेटिन वितळून वाहून गेलं, मागे मोकळ्या वाहिन्या उरल्या. त्यांतून पोषक द्रव सोडल्यावर हृदयाच्या पेशींचा तुकडा आठवडाभर एका तालात धडधडला. पण शरीरातली केशवाहिनी (सर्वांत बारीक रक्तवाहिनी) 5 ते 10 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून बारीक असते. एवढं बारीक जाळं अख्ख्या अवयवभर छापणं आज जमत नाही. म्हणजे मेन आणि सबमेन, या मोठ्या नळ्या माणसाने टाकायच्या आणि लॅटरल, म्हणजे झाडापर्यंतच्या बारीक नळ्या पेशींनी स्वतः फोडून घ्यायच्या. त्या फुटतील कशा, जोडल्या जातील कशा, तुंबणार नाहीत कशा, यावरच सगळी झटापट चालू आहे.

आता गणिताचं. अशा बारीक वाहिनीचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच प्रवाह ढकलायला सोळापट दाब लागतो. कुठे किती जाडीची वाहिनी, किती फाटे, टोकाला दाब किती उरेल, हे बायोलॉजीच्या वहीत सापडत नाही. तेव्हा गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्यायला सांगा.

तिने पाहिलेलं हृदय बहुधा 2019 मधलं इस्रायलच्या तेल अवीवचं असावं. ते सशाच्या हृदयाएवढं होतं, पण रक्त उपसत नव्हतं. हे तिला जरूर सांगा. आपल्याकडे हैदराबादच्या संस्थांनी 2022 मध्ये छापील कॉर्निया (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा) सशाच्या डोळ्यात बसवला. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, हेही तिला सांगा, मग तो आधी का जमला ते तिचं तिलाच उमगेल.

अवयव बदलण्याचं काम लांब आहे. आजचा रोजगार मुख्यतः अशा गोळ्यांवर औषधं तपासण्यात आहे. भारताने 2023 मध्ये नियम बदलून प्राण्यांऐवजी अशा पद्धतींची माहिती ग्राह्य धरायला वाट करून दिली.

बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, किंवा बी.टेक. माझं मत विचाराल तर जाहिरातीतल्या चकचकीत नावाच्या कोर्सपेक्षा चांगल्या कॉलेजातलं साधं केमिकल किंवा मेकॅनिकल बरं. पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या बायोइंजिनिअरिंग विभागात किंवा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) जाता येतं. संशोधन करायचं तर पीएचडी चुकत नाही, म्हणजे वयाची अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं धरा. पीएचडीच्या काळात घरून पैसे पुरवावे लागतातच असं नाही. 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना 37,000 रुपये आहे. पण "शिक्षण संपलं का?" हा प्रश्न दर लग्नात ऐकावा लागेल, त्याची तयारी तुमची हवी.

अकरावीचा फॉर्म भरण्याआधी एक करा. तिला आठ दिवस दुकानात बसवा आणि एखाद्या दोन एकरांच्या चढ-उताराच्या शेताचं लेआउट काढायला लावा. शेवटच्या झाडापर्यंत दाब कसा न्यायचा, हे तिचं तिला शोधू द्या. त्यात ती जेवायचं विसरली, की वैतागून उठली, ते मला कळवा. मग पुढचं बोलू.