मुलीच्या एफडीतून शिवराई आणि होन?

सातारा जिल्ह्यातले एक वाचक विचारतात: वय 51. मुलगी दीड वर्षाने इंजिनीअरिंगला जाईल, तिच्यासाठी सहा लाखांची एफडी आहे. त्यातले चार लाख काढून ओळखीच्या व्यापाऱ्याकडून होन (जुनं सोन्याचं नाणं), शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) आणि राणीछाप रुपये (व्हिक्टोरिया राणीची छाप असलेले चांदीचे) घ्यायचे. शिवाय पन्नास हजारांचं मेटल डिटेक्टर घेऊन आजोळच्या पडक्या वाड्यात गुप्तधन शोधायचं. चालेल का?

एफडीला हात लावू नका. फी भरायची तारीख ठरलेली असते, नाण्याला गिऱ्हाईक कधी मिळेल ते ठरलेलं नसतं. व्यापाऱ्याला एवढंच विचारा, ‘हीच नाणी पुढच्या आठवड्यात परत आणली तर किती देणार?’ तो जो आकडा सांगेल, तीच तुमच्या चार लाखांची आजची खरी किंमत.

राणीछाप रुपयाला निदान धातूचा आधार आहे. 11.66 ग्रॅम वजन, त्यात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. त्याहून जास्त मोजता तो पैसा दुर्मिळतेचा आणि नाण्याच्या स्थितीचा, आणि ती पारखायला नजर लागते. होनाच्या बाबतीत तर मी ठाम नकार देईन. शिवरायांच्या नावाचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ, त्यामुळे बनावट होनांचा सुळसुळाट आहे. जाणकाराने तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीची 1818 ची म्हणून रामदरबार नाणी (राम-सीतेचं चित्र असलेली) कोणी दाखवली तर ती कंपनीने पाडलेलीच नाहीत, हे लक्षात असू द्या.

आता वाडा. 1878 चा निखात निधी कायदा, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कोणाचा मालकीहक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक चतुर्थांश जागामालकाचे, म्हणजे इथे तुमच्या मामांचे. पण सरकारला तो ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅम तांब्याची. त्या हिशोबाने हजारभर शिवराया सापडल्या तरी डिटेक्टरचे पैसे सुटणं कठीण. संरक्षित किल्ल्यावर तर विनापरवाना खणणं हाच गुन्हा आहे. जागा दाखवतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

तरीही सापडलंच तर वाटून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा तो धातूतला पुरावा आहे. तो ढीग गावात वाटला गेला असता तर यातलं काय कळलं असतं?

छंद मात्र सोडू नका. घरखर्च आणि एसआयपी भागल्यावर उरणाऱ्या पैशांतून महिन्याला दोन हजारांपर्यंत ठेवा. पहिले सहा महिने खरेदी नको. नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणे संग्रहालय बघा, प्रदर्शनांत जुन्या संग्राहकांजवळ बसा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. मग शिवराईपासून सुरुवात करा आणि प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल नाण्यासोबत जपा.