स्पॅनिश सिनेमा तिथल्या बदलत्या समाजाचा आरसा आहे असं म्हणतात, ते खरं आहे का? कोणते सिनेमे पाहावेत?

खरं आहे, आणि त्यासाठी लुइस बुन्युएल या गाजलेल्या जुन्या स्पॅनिश दिग्दर्शकापासूनच सुरुवात करावी लागत नाही. यावरून आमच्या फिल्म क्लबात एका ज्येष्ठ सभासदांशी माझं चांगलंच वाजलं होतं, म्हणून लिहितेय.

मी दिग्दर्शिका इसियार बोयाइनचा 'ते दोय मिस ओखोस' ('माझे डोळे तुला देते', २००३) लावला होता. पहिल्याच प्रसंगात नवऱ्याचा मार खाणारी पिलार रात्री मुलाला घेऊन घरातून पळते. बहिणीकडे पोचल्यावर तिच्या लक्षात येतं की पायात घरातल्या सपाताच आहेत, आणि तिचा बांध फुटतो. तोवर मारहाणीचं एकही दृश्य नाही. शेजारी माझी आई बसली होती. सबटायटल्स तिला जेमतेम वाचता येतात. हळूच म्हणाली, "चप्पल बदलायलासुद्धा थांबली नाही गं."

नंतर चर्चेत ते ज्येष्ठ सभासद, आमचे काका, म्हणाले, "हे घरगुती रडगाणं. यात समाज कुठाय? फ्रँको कुठाय?"

फ्रँको म्हणजे १९७५पर्यंत स्पेनवर राज्य करणारा हुकूमशहा. मी म्हटलं, अहो, पिलारची आई बघा ना! ती लेकीला नवऱ्याकडेच परत धाडू बघते. तिच्या पिढीत, १९७५पर्यंत, बायकोला बँकेत खातं उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागायची. घटस्फोट मिळायला लागला १९८१मध्ये. आणि त्याच घरातली दुसरी मुलगी, पिलारची बहीण, स्कॉटिश मुलाशी लग्न करते, आईशी उघड भांडते. दोन जमाने एका जेवणाच्या टेबलावर, आणखी काय दाखवायचं?

डिसेंबर २००४मध्ये तिथे बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा एकमताने झाला. सिनेमामुळे झाला असं मात्र नाही हं, महिला संघटना कित्येक वर्षं मागे लागल्या होत्या.

बाकी यादी: बेर्लांगाचा 'एल वेर्दुगो' (१९६३), साउराचा 'क्रिया कुएर्वोस' (१९७६), मग पेद्रो आल्मोदोवारचे सिनेमे, ऐंशीच्या दशकातले आधी. बुन्युएलचा 'विरिदियाना'ही बघाच. १९६१मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि खुद्द स्पेनमध्ये १९७७पर्यंत बंदी. बुन्युएल वाईट असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. फक्त हे सगळं सबटायटल्सवर बघा, डब केलेलं नको. फ्रँकोच्या सेन्सॉरने 'मोगॅम्बो' हा हॉलिवूडचा सिनेमा डब करताना व्यभिचार नको म्हणून नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकलं, आणि पडद्यावर भलतंच दिसायला लागलं!

आणि हो, पिलारची आई बोलायला लागली तेव्हा काका चहाला बाहेर गेले होते.