तालुका समन्वयक आहे, प्रोग्राम डायरेक्टर व्हायचंय. आणखी एक पदवी घेऊ की हेड ऑफिसला जाऊ?

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय आणि शिक्षणाच्या कामात फील्डचा अनुभव आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी मराठवाड्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेत याच वाटेने डायरेक्टर झाले. माझ्या मते आणखी एक पदवी आणि मुंबईचं हेड ऑफिस, दोन्हींची घाई नको. आधी संस्थेचं बजेट वाचायला शिका.

फील्डवरची चांगली माणसं इथेच अडकतात. गावात शब्दाला मान असतो, गटशिक्षणाधिकारी फोन उचलतात, पण पैशाचं 'अकाउंट्सवाले बघतात'. डायरेक्टरचा निम्मा वेळ त्याच कागदांत जातो. कंपनी कायद्याच्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्चावे लागतात आणि हा पैसा बहुधा आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडते, मुलं रुळेपर्यंत दिवाळी येते आणि मार्चअखेर फंडरला, म्हणजे निधी देणाऱ्याला, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) हवं असतं. परदेशी निधीचे नियम आणखी कडक. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देणंही बंद केलं. छोट्या भागीदार संस्थांमार्फत चालणाऱ्या कार्यक्रमांची घडीच त्याने बदलली. हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात कार्यक्रम देता येत नाही.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी हेड ऑफिसात बसून मिळत नाही: मूल शिकलं की नाही, हे तुम्ही स्वतः बघू शकता. अहवालात प्रशिक्षणं किती झाली, हजर किती होते, हे कुणीही भरतं. त्याऐवजी 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणातली वाचन चाचणी घ्या. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला आधी उतारा द्यायचा. सरळ वाचला तर गोष्ट, अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. शेजारी उभ्या आईलाही निकाल तिथल्या तिथे कळतो. तुमच्या शाळांत ती जून-जुलैत आणि पुन्हा मार्चमध्ये घ्या, कोणतं मूल कुठून कुठे गेलं याचा तक्ता ठेवा. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे मी पदवीच्या आधी असं काही आहे का, हे बघते.

असा तक्ता हातात असला की फंडरला नाही म्हणता येतं. शाळेत टॅब वाटायचे असा त्यांचा आग्रह असतो आणि मुलं शब्दांवर अडलेली असतात, तेव्हा ते ठामपणे सांगणं हे याच पदाचं काम आहे.

पुढचं प्रपोजल लिहिताना बजेटच्या वेळी मला शेजारी बसू द्या, असं तुमच्या मॅनेजरना याच महिन्यात सांगा. ते नाही म्हणाले, तर मात्र संस्था बदलायचा विचार करा.