वाचकांचे प्रश्न : मताधिकार नसलेल्या खुर्चीचे वजन

प्रश्न : मी काही वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस येथे सर्व नव्या मोबाइल फोनना एकाच प्रकारचे चार्जिंग पोर्ट सक्तीचे झाले, तेव्हा अनेकांनी ग्राहक संघटनांना श्रेय दिले. या संघटनांना कायदा करण्याचा अधिकार नाही. मग युरोपीय संघाचा कारभार चालतो त्या ब्रुसेल्समध्ये त्यांच्या सल्ल्याला खरोखर किंमत असते, की सल्लागार समित्या केवळ नावापुरत्या असतात?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. युरोपीय संघात कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी युरोपीय आयोगाकडे आहे; तो प्रस्ताव पुढे युरोपीय संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद यांच्यासमोर जातो, तेथे त्यात दुरुस्त्या होतात आणि दोघांचे एकमत झाले की कायदा होतो. या साखळीत ग्राहकांच्या सल्लागार समितीला कोठेही मत नाही. तरीही आयोगातील अधिकारी प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहायला बसतात, त्या वेळी त्यांच्या टेबलावर कोणते कागद आहेत यावर पुढचे बरेच काही ठरते, कारण मसुद्यात जे आलेच नाही ते नंतर दुरुस्तीने आत आणणे फार अवघड जाते. सल्लागारांच्या कामाची खरी वेळ हीच असते, आणि नेमकी तीच बातम्यांत येत नाही.

ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिलेली नाही. ६ मार्च १९६२ रोजी बेल्जियम, लक्झेंबर्ग, फ्रान्स, नेदरलँड्स, इटली आणि जर्मनी येथील ग्राहक संघटनांनी ब्रुसेल्समध्ये ‘बेयुक’ या महासंघाची स्थापना केली. आज त्यात चाळीसहून अधिक राष्ट्रीय संघटना आहेत. १९७३ मध्ये आयोगाने स्वतःची ग्राहक सल्लागार समिती नेमली, आणि १४ एप्रिल १९७५ च्या ठरावाने मंत्रिपरिषदेने ग्राहकांचे पाच मूलभूत हक्क मान्य केले : आरोग्य व सुरक्षितता, आर्थिक हितांचे रक्षण, नुकसानभरपाई, माहिती व शिक्षण, आणि आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क. यांतील पाचव्या हक्काला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण तो नसेल तर पहिल्या चारांचा अर्थ कोणी लावायचा हे दुसरेच कोणीतरी ठरवते. त्या समितीची नावे आणि रचना १९९०, १९९५ आणि २००३ मध्ये बदलत गेली. २०२० च्या नव्या ग्राहक कार्यक्रमानंतर तिची जागा ग्राहक धोरण सल्लागार गटाने घेतली. याखेरीज १९५७ च्या रोम कराराने स्थापन झालेली युरोपीय आर्थिक व सामाजिक समिती आहे. तिच्या ३२९ सदस्यांत मालक, कामगार आणि नागरी संघटना असे तीन गट असून ग्राहकांचे प्रतिनिधी तिसऱ्या गटात बसतात. तिचे अभिप्राय घेतले जातात, मात्र ते कोणावरही बंधनकारक नसतात.

आता आपल्या चार्जरकडे वळू. २००९ मध्ये मोठ्या फोन कंपन्यांनी एकसारखा चार्जर आणण्याचा करार स्वेच्छेने केला होता, आणि त्याने सुमारे ३० प्रकारांवरून संख्या ३ वर आली. येथेच अनेकांना प्रश्न सुटल्यासारखा वाटला. ग्राहक संघटनांनी मात्र उरलेल्या तीन प्रकारांचा पिच्छा सोडला नाही, कारण घरातल्या दोन माणसांचे फोन दोन प्रकारचे असले की ड्रॉवरमध्ये जुन्या तारांचा गुंता साचतच राहतो. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाने कायद्याचा प्रस्ताव मांडला आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी संसदेने तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. हे यश एकट्या ग्राहक संघटनांचे म्हणणे बरोबर होणार नाही. संसदेनेही अनेक वर्षे हीच मागणी लावून धरली होती आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा मुद्दा तिच्या जोडीला होता. पण स्वेच्छेचा करार पुरेसा नाही, हे सांगत राहण्याचे चिकाटीचे काम ग्राहक संघटनांनी केले, याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न : मी उत्पादन अभियंता आहे. आमच्या क्षेत्रात कायद्यापेक्षा तांत्रिक मानकांचा संबंध रोज येतो. ती ठरवणाऱ्या समित्यांमध्ये ग्राहकांच्या प्रतिनिधीला तज्ज्ञांपुढे बोलण्यासारखे काय असते?

उत्तर : भरपूर असते, आणि माझ्या मते ग्राहकांच्या सल्ल्याचे सर्वांत मोलाचे काम याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या बैठकांमध्ये होते. युरोपीय कायदा बहुधा एवढेच म्हणतो की वस्तू सुरक्षित असली पाहिजे. सुरक्षित म्हणजे किती, ते कसे मोजायचे, चाचणीत कोणते वजन लावायचे, हे सारे मानकांत लिहिलेले असते. या समित्यांत देशोदेशीची शिष्टमंडळे बसतात, आणि त्यांतील बहुतेक जाणकार उद्योगांमधूनच येतात, कारण प्रवासाचा व वेळेचा खर्च त्यांनाच परवडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९५ मध्ये ‘आनेक’ ही संस्था स्थापन झाली. २०१२ च्या मानकीकरणविषयक नियमाने ग्राहकांच्या अशा युरोपीय संस्थेचे स्थान आणि तिला सार्वजनिक निधी देण्याची तरतूद स्पष्ट केली. तिचा प्रतिनिधी चर्चेत बसतो, मसुद्यावर लेखी हरकती देतो, पण मतदान राष्ट्रीय मानक संस्था करतात.

खिडकीच्या आतल्या पडद्याच्या दोरीचे उदाहरण घ्या. पडदा वर-खाली करण्यासाठी बाजूला एक बंद वेढ्याची दोरी लोंबत असते. मोठ्या माणसाला तीत काहीच धोका दिसत नाही. पण खिडकीखाली पलंग असेल, त्यावर दोन वर्षांचे मूल उभे राहिले, त्याने गंमत म्हणून डोके त्या वेढ्यात घातले आणि पाय घसरला, तर ती दोरी फास होते. आवाजही होत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या आईवडिलांना काही कळत नाही. अशा घटनांत मुले दगावली आहेत. पडदा बनवणारा अभियंता दोरी किती हजार वेळा ओढल्यावर तुटेल हे मोजतो, कारण त्याच्या लेखी दोरी तुटणे हा दोष असतो. मुलाच्या बाजूने पाहणाऱ्याला तीच दोरी शरीराचे वजन पडताच सुटून यायला हवी असते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, पण दुसरी बाजू मांडणारे कोणी खोलीतच नसेल तर मानक पहिल्याच्या मोजमापावर तयार होते.

२०११ मध्ये आयोगाने या धोक्याबाबत मानकांनी कोणत्या अटी पाळाव्यात हे ठरवून दिले, आणि २०१४ मध्ये सुधारित मानके प्रसिद्ध झाली. वजन येताच वेढा सुटावा, किंवा दोरी भिंतीला ताणून बसवावी, किंवा ती मुलाच्या हाती लागणारच नाही अशी रचना असावी, असे उपाय त्यांत आले. आनेकने या विषयावर दीर्घकाळ काम केले होते. आपण स्वतः समितीत बसत असाल, तर ग्राहकांच्या प्रतिनिधीकडून आलेली हरकत तांत्रिकदृष्ट्या कच्ची वाटली तरी ती कोणत्या अपघातावरून आली आहे हे एकदा जरूर विचारावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : सल्लागार गटांमध्ये उद्योगांचेच पारडे जड असते आणि ग्राहक संघटना सरकारी अनुदानावर चालतात, असे म्हणतात. मग त्यांच्या सल्ल्यावर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर : पारड्याबद्दलची तक्रार खरी आहे आणि ती अधिकृतपणे नोंदली गेलेली आहे. २०१४ मध्ये युरोपीय लोकपालांनी, म्हणजे संघाच्या संस्थांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आयोगाच्या तज्ज्ञ गटांच्या रचनेची स्वतःहून चौकशी हाती घेतली, आणि २०१६ मध्ये आयोगाने या गटांसाठी नवे नियम केले, ज्यांत सदस्य कोणाच्या हितासाठी बोलतो हे उघड करण्यावर भर होता. तरीही आकड्यांचे बारकावे पाहावे लागतात. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाच्या हितसंबंधी गटात ३० सदस्य असतात : १३ वित्तसंस्थांचे, १३ इतरांचे आणि ४ अभ्यासक. वरवर हा समतोल दिसतो. पण दुसऱ्या १३ जागांमध्ये बँक कर्मचारी, ग्राहक, सेवा वापरणारे आणि लहान उद्योग असे सारेच वाटेकरी आहेत, तर पहिल्या १३ जणांचा सूर बहुधा एकच असतो.

अनुदानाचा मुद्दा मला त्याहून कमी चिंतेचा वाटतो. सार्वजनिक पैसा घेणारी संस्था आयोगाला दुखावायला कचरेल ही भीती निराधार नाही, पण तो पैसा बंद केला तर बैठकीत केवळ स्वतःच्या खर्चाने येऊ शकणारेच उरतील.

सल्ला फुकट गेल्याची उदाहरणेही सांगायला हवीत. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर दर्शनी बाजूस संपूर्ण युरोपात एकसारखे पोषण लेबल असावे, असा प्रस्ताव २०२२ च्या अखेरपर्यंत आणण्याचे आयोगाने २०२० मध्ये जाहीर केले होते. ग्राहक संघटनांनी त्यासाठी जोर लावला, आणि तरीही ती मुदत प्रस्तावाविना गेली. सामूहिक नुकसानभरपाईची, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र दावा करून भरपाई मिळवण्याची, तीच गत होती. वर्षानुवर्षे मागणी करूनही २०१३ मध्ये आयोगाने फक्त बंधनकारक नसलेली शिफारस केली. मग २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण उघडकीस आले : धुराच्या चाचणीत प्रदूषण कमी दिसावे म्हणून या कंपनीने गाड्यांत फसवे सॉफ्टवेअर बसवले होते. अमेरिकेतील गाडीमालकांना भरपाई मिळाली, युरोपातील मालकांना मात्र देशागणिक वेगळी वाट शोधावी लागली. जर्मनीत ग्राहक संघटनांच्या महासंघाने नव्या कायद्याचा आधार घेऊन दावा लढवला आणि २०२० मध्ये ८३ कोटी युरोपर्यंतची तडजोड घडवून आणली. त्याच वर्षी युरोपीय संघाने प्रातिनिधिक दाव्यांचा, म्हणजे ग्राहकांच्या वतीने संघटनांना दावा लढवू देणारा, निर्देश मंजूर केला, आणि तो २५ जून २०२३ पासून लागू झाला. एवढा मोठा घोटाळा होईपर्यंत तो सल्ला कपाटात पडून राहिला, याची मला अजूनही खंत वाटते.

प्रश्न : मी फ्रान्समध्ये शिकते आणि युरोपीय संघाची नागरिक नाही. माझ्यासारखीला या प्रक्रियेत काही करता येते का?

उत्तर : होय. वैयक्तिक तक्रार दुसऱ्या सदस्य देशातील विक्रेत्याविरुद्ध असेल, तर २००५ पासून चालू असलेल्या युरोपीय ग्राहक केंद्रांच्या जाळ्याकडे जावे. तेथील मदत विनामूल्य असते. विक्रेता फ्रान्समधलाच असेल तर राष्ट्रीय ग्राहक संघटनेकडे जावे, आणि प्रश्न लवकर मिटला तरी तक्रार लेखी नोंदवावी, कारण सल्लागार समितीत प्रतिनिधी जो आधार मांडतात तो अशाच नोंदींतून तयार होतो. कायद्याबद्दल बोलायचे असेल, तर महत्त्वाच्या प्रस्तावांपूर्वी आयोग साधारणपणे १२ आठवड्यांची सार्वजनिक सल्लामसलत घेतो. त्यात संघाबाहेरील नागरिकांनाही आपले म्हणणे मांडता येते आणि उत्तर २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत देता येते. मराठी त्या यादीत नाही, पण आपली फ्रेंच त्यासाठी पुरेशी आहे.