ताणबाण, लवचिक बाण की लांबता बाण?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा आहे. दहावीच्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या नोट्स ते लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पान जुळवायच्या संगणक-प्रणालीत करतात. वर लिहिलेल्या मजकुराच्या मापानं लांब होणाऱ्या बाणाला मराठीत काय म्हणावं? आणि बाणावर 'उष्णता' लिहिलं की काहीच उमटत नाही, बाणही आखूडच राहतो, ते का?

सर, 'लवचिक' नको. हा बाण वाकत नाही. 'ताणबाण' कानाला बरा लागतो, पण ताणलेली वस्तू बारीक होते. इथं टोक आहे तसंच राहतं, जाडीही तीच. मागच्या दांडीला उणे चिन्हाचे तुकडे जोडत जातात, एवढंच. आपल्याकडच्या बैल हाकायच्या तुतारीसारखं: टोकाची आर तेवढीच, काठी हवी तेवढी लांब. म्हणून माझं मत 'लांबता बाण'. मात्र नोट्समध्ये नुसतं 'बाण' लिहा. हे विशेषण पान जुळवणाऱ्याला लागतं, पोरांना नाही.

आता उष्णतेचं. वणीकडच्या चुनाभट्टीतलीच अभिक्रिया घ्या: डावीकडे कॅल्शिअम कार्बोनेट, उजवीकडे कॅल्शिअम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड. मधला बाण एएमएसमॅथ पॅकेजच्या 'एक्सराइटॲरो' कमांडनं येतो (टाइप अर्थातच रोमनमध्ये). महिरपी कंसातलं बाणाच्या वर जातं, चौकटी कंसातलं खाली, आणि चौकटी कंस आधी लिहायचा. यात हमखास उलटापालट होते. दोन्हींतलं जे रुंद, त्यावर बाणाची लांबी ठरते.

बाणावरचा मजकूर गणिताच्या फॉन्टात जातो, आणि त्या फॉन्टात देवनागरी अक्षरंच नसतात. त्यामुळे तुमच्या शब्दाची रुंदी शून्य धरली जाते. लॉग फाइल उघडा, 'मिसिंग कॅरेक्टर'ची रांग दिसेल. शब्द 'टेक्स्ट' कमांडमध्ये घाला. फाइल झीलाटेकवर (लाटेकची युनिकोड फॉन्ट चालवणारी आवृत्ती) चालवा, आणि फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये देवनागरी फॉन्ट निवडताना 'स्क्रिप्ट' पर्यायात देवनागरी लिहायला विसरू नका. ते राहिलं की 'ष्ण' फुटतो: पाय मोडलेला ष वेगळा, ण वेगळा.

एवढं केल्यावर शब्द उमटेल, पण बारीक. मजकूर 10 पॉइंटचा असेल तर बाणावरचा 7 पॉइंटचा येतो, 12 चा असेल तर 8 चा. रोमनला ते चालतं. आपल्या मात्रा-वेलांट्या झेरॉक्समध्ये उडतात. 'टेक्स्ट'च्या आत, शब्दाच्या आधी अक्षराचं माप ठरवणारी 'स्मॉल' कमांड टाका. बाण त्या मापानं आपोआप लांबेल.

एकाखाली एक समीकरणं असली की आखूड-लांब बाण ओंगळ दिसतात. तिथं शब्द ठरावीक रुंदीची चौकट देणाऱ्या 'मेकबॉक्स' कमांडमध्ये घालून सगळीकडे 2 सेंमी रुंदी द्या. पण त्यात अक्षर पूर्ण मापाचं येतं, तेव्हा अक्षर लहान करायला आत 'फूटनोटसाइझ' लागेल. उभयदिश अभिक्रियेचा दुहेरी बाण एएमएसमॅथमध्ये नाही. त्यासाठी मॅथटूल्स पॅकेज घ्या.