तो माझा आहे की कंपनीचा?

“तो माझ्यासाठी येतो की त्याच्या कामासाठी?” हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाला वाटते की स्थळाची नजर आपल्या नोकरीवर आहे, तर कुणाला वाटते शेतीवर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा परिसरातील एका मुलीने तो विचारला, तेव्हा त्यात कोळशाची खाण आणि ग्रामपंचायतीचे राजकारणही गुंतलेले होते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, दोघांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे.

ती आठवडी बाजाराच्या दिवशी यायची, कारण त्या दिवशी तालुक्याला का चाललीस असे घरी कुणी विचारत नाही. पहिल्या भेटीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मांडीवर घेऊन ती बोलत राहिली आणि तासाभरात निम्मी पाने तिने नकळत खुडून टाकली. वय तेवीस, ग्रामपंचायतीत संगणकाचे काम, वडील सरपंच. मुलगा तेलंगणातला, तेलुगू ख्रिस्ती कुटुंबातला, खाणीसाठी जमीन घेणाऱ्या एका खासगी कंपनीत कंत्राटी सर्वेक्षक. भाषेची अडचण कुणालाच नव्हती. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या भागात तिच्या आजीलाही तेलुगू समजत होते. धर्माचे मात्र घरी नाव काढण्याची सोय नव्हती.

खरी मेख त्याहून वेगळी होती. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीसाठी जमीन संपादित करायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते, त्यामुळे गावातल्या एकेका सहीला भाव आला होता. कोणत्या घरी वारसनोंद रखडली आहे, कोणत्या भावांचे आपसात पटत नाही, कुणाला पैशांची निकड आहे, हे ज्याला कळेल त्याचे काम सोपे होणार होते. त्या मुलाने तिच्याकडे अशी यादी दोनदा मागितली होती. त्यातच विरोधी गटाने बसस्थानकावरचा दोघांचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, “सरपंचानं पोट्टीच्या संगं गावबी देऊन टाकलं” असे पारावर बोलले जाऊ लागले आणि अविश्वास ठरावासाठी सह्या जमू लागल्या.

“मॅडम, त्याचं प्रेम खरं हाये का खोटं, तेवढंच सांगा,” ती म्हणाली.

ते मला सांगता येणार नव्हते. यादीची गोष्ट ऐकताच मी मनातल्या मनात त्या मुलाचा निकाल लावून टाकला होता, हे कबूल केले पाहिजे. पुढे तो निकाल अर्धाच बरोबर निघाला. माणूस जीव लावतो आणि त्याच माणसाकडून आपले कामही काढून घेऊ पाहतो, हे दोन्ही एका वेळी घडू शकते. अशा वेळी मुली बहुधा परीक्षा घ्यायला निघतात: फोन बंद ठेवायचा, आजारी असल्याचे कळवायचे आणि तो धावत येतो का ते पाहायचे. मी या युक्तीला कधीच होकार देत नाही, कारण अशा परीक्षेत विचारणाराच आधी खोटे बोलतो. तिने त्याला उघड सांगावे असे ठरले: “पंचायतीचा एकही कागद माझ्या हातून बाहेर जाणार नाही, तुझ्याकडेही नाही आणि बाबांच्या गटाकडेही नाही, आणि जमिनीचा विषय आपल्यात निघणार नाही.” हे वाक्य मी तिला माझ्यासमोर म्हणायला लावले. पहिल्या दोन्ही वेळी तिने शेवटी “रागावू नको” जोडले. तिसऱ्यांदा जोडले नाही.

चार दिवस तो गप्प राहिला आणि मग तिच्यासोबत स्वतःच माझ्याकडे आला. त्यांचे प्रकरण गावाच्या आधी त्याच्या व्यवस्थापकाला कळले होते, आणि “जावई व्हायचं तेव्हा हो, आधी सह्या आण” अशी थट्टा कार्यालयात चालत असे. दुसऱ्यांदा यादी मागितली ती या दबावाने; पहिल्यांदा मात्र साहेबांना खूश करावे म्हणून आपणच मागितली, असे त्याने मान खाली घालून सांगितले. हे कुणी विचारले नसताना तो बोलला, याची मी नोंद घेतली.

वडील एकदाच आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. “मानूस वाईट नाही, पर कंपनीचा हाये. उद्या शेत मोजाले तोच येईन, मंग मी त्याले जावई म्हनू का सायेब?” माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून तो प्रश्न मी जसाच्या तसा मुलापुढे ठेवला. त्याने दुसऱ्या जिल्ह्यात काम मागितले. ते मिळाले नाही आणि पुढे कंत्राटही वाढवले गेले नाही. आता तो करीमनगरला एका खासगी सर्वेक्षकाकडे काम करतो. अविश्वास ठराव बारगळला, त्याची कारणे निराळी होती.

विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांनाही आपापला धर्म न सोडता लग्न करता येईल. मात्र त्यासाठीची नोटीस कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस वाट पाहावी लागते. संमतीची ग्रामसभा तोंडावर असताना ती नोटीस भिंतीवर लागू नये, असे दोघांनी ठरवले आणि पुढची तारीख ती धरणार आहे. मागच्या बाजाराला आली तेव्हा तिने सांगितले की वडिलांनी जेवताना, ताटावरून नजर न उचलता विचारले, “त्या पोट्ट्याले तिकडे पगार किती भेटते?”